ढब्बूने न वाजवलेला अल्बम

माझ्या मोठ्या भावाला हल्ली लोक रस्त्यात थांबवून शाबासकी देतात आणि तो शाळा बुडवलेल्या पोरासारखा तिथून सटकतो. साठी ओलांडलेला माणूस, लिफ्टचा मेकॅनिक, कपड्यांना कायम ग्रीसचा वास. हा एका रॉक बँडचा गायक आहे असं सांगितलं की नवीन माणूस आधी हसतो. मग बँडचं नाव ऐकून गप्प होतो, कारण 'गंज' हे नाव एके काळी कॉलेजांच्या भिंतींवर रंगवलेलं असायचं. असलं नाव घेऊन म्हातारपणी फिरावं लागेल याचा विचार विशीत कोण करतं?

दादाने बँड काढला तेव्हा त्याच्याकडे गिटार होती, गाणी होती, ड्रम वाजवणारा नव्हता. घरात धाकटा भाऊ होता. गोल, गुबगुबीत, म्हणून ढब्बू. तो बिस्किटांच्या डब्यांवर लाटणं आपटायचा आणि आई ओरडायची. दादाने ते लाटणं त्याच्याकडून काढून घेतलं आणि हातात खऱ्या काठ्या दिल्या. "तू फक्त माझ्या मागे बस," म्हणाला. ढब्बू जो बसला तो आजतागायत उठलेला नाही. मी या दोघांच्या मधली. मला सूर नाही, ताल नाही, म्हणून मला ड्रमसेट उभा करायचं काम मिळालं. पायाने मिटणारी झांजांची जोडी डावीकडे, मोठा बुटका ड्रम उजवीकडे, मधे बाकीचे. झोपेत सांगा, लावून देईन.

पहिल्या दोन अल्बमनंतर उतरण लागली. पोटापाण्याला प्रत्येक जण कुठे ना कुठे चिकटला. दादा लिफ्टमध्ये, ढब्बू बेकरीत. अधूनमधून अल्बम यायचे आणि लोक "जुनं तेच बरं होतं" म्हणून मोकळे व्हायचे. खरं दुखणं ढब्बूच्या उजव्या मनगटात होतं. इतकी वर्षं कणीक तिंबून आणि तापलेले ट्रे ओढून ते पार गेलं होतं. दोन गाणी ठीक जायची, तिसऱ्याला हात जड व्हायचा आणि त्याच्याबरोबर सगळं गाणंच बसकण मारायचं. हे सगळ्यांना ऐकू यायचं. बोलत मात्र कुणी नव्हतं, मीही नाही.

मग गेल्या वर्षी दादाने नऊ गाणी केली. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करताना सुचलेली. चांगली होती, मलासुद्धा कळलं. ढब्बू पहाटेची पाळी संपवून स्टुडिओत जायचा, मनगटाला पट्टी बांधून वाजवायचा, घामाघूम होऊन घरी यायचा. सगळं रेकॉर्ड झाल्यावर स्टुडिओवाल्याने दादाला एकट्याला थांबवून घेतलं. "गाणी झकास आहेत," तो म्हणाला, "पण ड्रम त्यांना मागे ओढतायत. माझ्या ओळखीची एक बाई आहे, जाहिरातींसाठी वाजवते. तुमचं रेकॉर्ड झालेलं गिटार आणि गाणं तसंच ठेवून त्यावर सगळे ड्रम दोन दिवसांत नव्याने वाजवून देईल. तुमच्या भावाला सांगायचं की नाही ते तुम्ही बघा."

दादाने बघितलं. म्हणजे काहीच बघितलं नाही. हो म्हणाला आणि घरी आला.

अल्बम आला आणि माणसं खुळ्यासारखी त्याच्यावर पडली. एका मोठ्या पेपरात 'गंज उतरला' असा मथळा छापून आला. खाली लिहिलं होतं की हे पुनरागमन खऱ्या अर्थाने ड्रम वाजवणाऱ्याचं आहे, या वयात हा हात आला कुठून. दादा तो पेपर घेऊन माझ्या घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. मी चहा ठेवला. त्याने घडाघडा सगळं सांगून टाकलं. चहा उतू गेला तरी माझं लक्ष नव्हतं.

"कव्हरवर नाव कुणाचं आहे?" मी विचारलं.

"त्याचंच."

"त्याने ऐकलाय?"

"माझ्याच घरी ऐकला. पहिल्यापासून शेवटपर्यंत खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा ऐकून म्हणाला, दादा, हा आपला सगळ्यात चांगला झालाय."

"आणि तू?"

"मी पाणी प्यायला आत गेलो."

मला संताप आला. बोलले मी त्याला, तोंडाला येईल ते. ज्याला काठ्या दिल्यास त्याच्याच हातातून चोरून काढून घेतल्यास, हेही बोलले. तो ऐकून घेत होता. "मला झोप लागत नाही गं," एवढंच म्हणाला. मग माझाच आवाज खाली आला, कारण आता मलाही माहीत होतं, आणि मीही लगेच उठून ढब्बूकडे गेले नव्हते.

त्यापुढचे दिवस वाईट गेले. ढब्बूच्या बेकरीत सकाळपासून तोच अल्बम वाजायचा. पाव घ्यायला येणारी माणसं कौतुक करायची आणि तो म्हणायचा, "सगळी दादाची कमाल." मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, घरी येताना बेकरीवरूनच जाते, तर मला रस्ता बदलावासा वाटायचा. दादा तर पलीकडच्या फुटपाथवरूनच जायला लागला. "किती खूश आहे बघ," तो म्हणायचा. "हे त्याला कळलं तर तो पुन्हा कधी काठ्या हातात घेणार नाही."

पण कळणं भाग होतं. नवा अल्बम मोठ्या सभागृहात सलग वाजवायचा ठरला होता. ढब्बू स्टेजवर बसला असता आणि तिसऱ्या गाण्यात भर सभागृहात उघडा पडला असता. स्टुडिओवाल्याचं म्हणणं, त्या बाईलाच बसवू, भावाच्या हातात खुळखुळा देऊ. ते ऐकून दादाने फोन ठेवला आणि मला म्हणाला, "आज सांगतो. तू चल. तू नसलीस तर मी पुन्हा पाणी प्यायला जाईन."

बेकरी दुपारी बंद असते. शटर अर्धं खाली होतं, आम्ही वाकून आत गेलो. मागच्या मैद्याच्या गोदामातून ड्रमचा आवाज येत होता. चौथ्या गाण्यातली जागा होती ती, जिथे सगळी वाद्यं थांबतात आणि ड्रम एकटे धावत खालून वर येतात. वाजत वाजत अडखळायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. दादा दारात थबकला. मी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं.

पोत्यांच्या मधे ढब्बूने आपला ड्रमसेट लावला होता. उलटा. झांजांची जोडी उजवीकडे, बुटका ड्रम डावीकडे. इतकी वर्षं मी तो लावत आले, मला सेकंदही लागला नाही कळायला. दादालाही नाही. ढब्बू कानाला हेडफोन लावून, दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधून, डाव्या हाताने वाजवायला शिकत होता.

आम्हाला बघून त्याने हेडफोन काढले. चेहरा मैद्याने आणि घामाने लडबडलेला.

"बरं झालं आलास," तो दादाला म्हणाला. "ही चौथ्यातली जागा अजून बसत नाही. ज्याने वाजवलंय ना, तो डावरा आहे. त्याला विचारशील का, शेवटी हात कुठून आणतो ते?"

दादा एका पोत्यावर बसला.

"ती," दादा म्हणाला. "बाई आहे."

"हो का?" ढब्बूने काठ्या मांडीवर ठेवल्या. "मस्त वाजवते. माझ्या जन्मात मला तसं आलं नसतं."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या गाण्यातच. स्वतःचा हात कळत नाही होय? मग म्हटलं, कार्यक्रम होणार. लोक हेच ऐकायला येणार आणि तू पुढे उभा असणार. दिवसभर लावून ठेवलं की कानात बसतं, म्हणून दुकानात लावत होतो. डाव्याने वाजवलं की मनगटालाही जरा बरं पडतं."

दादाने तोंड उघडलं. माफीचा शब्द येणार हे ढब्बूने ओळखलं आणि हात वर केला.

"आत्ता नको. मला तुझ्याशी भांडायचंय, दादा, आणि चांगलं कडकडून भांडायचंय. पण आत्ता भांडलो तर माझे हात थरथरतील. कार्यक्रम होऊ दे, मग भांडू."

मग दादाने त्या बाईला फोन लावला आणि ढब्बूच्या हातात दिला. ती दोघं हात कुठून आणायचा याबद्दल बराच वेळ बोलली. दादा पोत्यावर तसाच बसून होता. त्याची काळी पँट मागून पांढरी झाली होती, ती मी बाहेर आल्यावर झटकली.

कार्यक्रम झाला. ड्रमसेट मीच लावला, उलटा. तिसऱ्या गाण्यात ढब्बूचा वेग थोडा पडला, चौथ्यातली जागा मात्र त्याने अशी घेतली की माणसं खुर्च्यांवरून उठली. दादाने वळून मागे पाहिलं आणि पुढची ओळ विसरला. लोकांना वाटलं, मुद्दाम थांबलाय.

त्याला आता बरेच महिने झाले. ढब्बू रविवारी दादाकडे जेवायला जातो, बरोबर ताजा पाव नेतो, नातवंडांशी खेळतो, सिनेमाबद्दल बोलतो. दादा जेवताना मधेच घास हातात धरून थांबतो आणि त्याच्याकडे बघत बसतो. मग ढब्बू म्हणतो, "वाढू का अजून?"

भांडण अजून झालेलं नाही.