खमिराचा प्रयोग आणि शालनची आई

मंडळी, आज दुपारी माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा, शालनचा फोन आला. तिची आई वारली, माहेरच्याच घरात. तेव्हापासून काही सुचत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

सत्तरच्या दशकात मी यावलजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. एकदा बेकरीतून खमीर आणलं आणि गुळाच्या कोमट पाण्यात घालून बाटलीत ठेवलं. त्यातून निघालेल्या वायूने चुन्याची निवळी दुधाळ झाली. बाटलीत पेटती काडी धरली, ती विझली.

वर्ग सुटल्यावर नववीतली शालन थांबली. "बाई, ज्वारी ओली झाली तर पेवातही हाच वायू साचतो का?"

"साचतो. म्हणून उतरण्याआधी कंदील सोडून बघायचा असतो."

मग तिने सांगितलं. तिचे वडील जमिनीतल्या धान्याच्या पेवात उतरले, ते वर आलेच नाहीत. सून पांढऱ्या पायाची म्हणत आजीने तिच्या आईला माहेरी धाडलं होतं.

"हे माझ्या आजीला दाखवाल?"

मी बाटली घेऊन त्यांच्या घरी गेले. आजीने स्वतः काडी धरली. विझली. दुसरी धरली, तीही विझली.

"खरं शे बाई," म्हातारी म्हणाली. "पन आते तिले परत आनं, ते चूक आमनी ठरी."

परत आणलं तर चूक घराचीच ठरणार, म्हणून आईला कुणी आणलं नाही. शालनने तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "म्हणजे त्यांना कळलंय."

खरं पटूनही न वळणाऱ्या माणसाला आणखी काय दाखवायचं असतं? तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा.