नर्मदेच्या उताराचा नाला

कणसं भाजल्याचा वास आला की मी दार लावून घेतो, कारण आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते कणसं सोलण्याचं. घर नालछ्याला, विंध्याच्या माथ्यावर. मी संस्थानच्या जमीनमोजणीत मापाची साखळी ओढायचो. शाळा नाही, पण डोंगराचा उतार डोळ्यांना कळायचा. सोलता सोलता बायको म्हणाली, “मी मेले की मागच्या नाल्यावरच जाळा. माझी राख आपोआप नर्मदामाईला पोचेल.” मला हसू आलं. “वेडे, तो नाला उत्तरेला उतरतो, चंबळेला. नर्मदेचं पाणी डोंगराच्या पलीकडल्या अंगाला.” “अहो, मग इतकी वर्षं नर्मदाजयंतीला माईचे दिवे सोडले ते?” “गेले चंबळेला.” “आणि मोजणीवाले घरात बसून बघत होते!” तिनं सालपटं माझ्या अंगावर फेकली. गावात पटकीची साथ होती. त्याच रात्री तिला लागली, उजाडायच्या आत गेली. शेजारी तिरडी घेऊन मागच्या नाल्याकडे वळले, तसा मी आडवा उभा राहिलो, म्हटलं, पलीकडं नर्मदेच्या उतारावरच्या नाल्यावर नेऊ. “अरे भिया, भावा,” एक म्हातारा बोलला, “पटकीचं मढं दोन कोस कोण नेणार? अस्थी ने नंतर.” त्याचं खरं होतं, हे आज मलाही कळतं. तिरडी खाली ठेवून सगळे घरी गेले. मी बैल जुंपले, तिला एकट्यानंच गाडीत निजवलं, शेजारी लाकडं रचली आणि गाडी दक्षिणेला हाकली.