मुनमास्तरांचा एक ताव

इन्ह्योनदोंगच्या छापखान्यांच्या गल्लीत मी एकवीस वर्षं डोक्यावरून जेवणाची ताटं वाहतेय. एकावर एक तीन ताटं, हात न लावता. नाव बोंगन्ये, पण हाक मारतात मावशी. जेवून झाल्यावर वाट्या धुऊन परत देणारा माणूस ह्या गल्लीत एकच, मुनमास्तर. बाकीचे मेले माशाचे काटे, सिगारेटची थोटकं, सगळं वाटीतच कोंबतात.

मास्तर छपाईच्या मशीनवर होते. चौतीस वर्षं एकच छापखाना, एकच मशीन. आवाजानं डावा कान गेलेला, तरी मशीनचं काही बिनसलं की ते आधी ह्यांनाच ऐकू यायचं. निवृत्तीला चार महिने उरले होते. "मावशी, शेवटच्या दिवशी तिला पुसणार, माझ्या हातानं बंद करणार, मग घरी जाणार," असं दर दोन दिवसांनी सांगायचे. मला तर पाठच झालं होतं.

मार्चमध्ये सात गाणाऱ्या पोरींच्या एका गटाच्या नव्या अल्बमच्या फोटोंच्या छपाईचं काम आलं. ह्यांचं गाणं एकदम बाहेर येत नाही. आधी तारखांचं पत्रक निघतं. सोमवारी पहिला फोटो, मग गाण्यांची नावं, मग गाण्याचा एवढासा तुकडा, आणि पंधरा दिवसांनी अल्बम. तोवर नवरीच्या तोंडासारखं सगळं झाकलेलं. पण छपाई तर आधीच करावी लागते ना! म्हणून त्यांच्या गाण्याच्या कंपनीची हेरिन नावाची मुलगी दिवसभर तिथं खुर्ची टाकून बसायची. सगळ्यांचे फोन टोपलीत. वाया गेलेला ताव सुद्धा मोजायचा आणि तिच्यासमोर फाडायचा. एक जरी बाहेर गेला, तर ज्याच्या हातून गेला तो कायमचा घरी.

"मावशी, ह्या आठवड्यात इथलं काही उचलायचं नाही हं," मास्तरांनी मला बजावलं होतं.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मी म्हणाले.

शुक्रवारी दुपारी वारा सुटला. मास्तरांचं ताट उतरवलं तोवर उरलेल्या दोन ताटांवरचा पेपर उडून गेला होता. आमच्या गल्लीत छापखान्यातला वाया गेलेला ताव घ्यायचा आणि ताट झाकायचं. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. हेरिन हात धुवायला गेली होती, मास्तर पाठमोरे शाई भरत होते. सवय मेली हाडात भिनलेली! वाया गेलेल्या ढिगातला वरचा ताव उचलला, शाई अन्नाला लागू नये म्हणून कोरी बाजू खाली घातली. आणि निघाले.

म्हणजे छापलेली बाजू वर. सात पोरींची तोंडं आभाळाकडे करून, माझ्या डोक्यावर, अख्ख्या गल्लीतून! दोन्ही बाजूंना चार-चार मजले, खिडकी-खिडकीत माणसं आणि हातात फोन.

अर्ध्या तासानं खानावळीत फोन वाजला. "मावशी, एक ताव कमी भरतोय." मास्तरांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

तो तर मीच बाइंडरच्या ताटावर झाकून नेला होता! तशीच ओल्या हातांनी पळाले. तिसऱ्या मजल्यावर म्हातारे बाइंडर बांग तो ताव टेबलावर अंथरून वर जेवत बसले होते.

"ये मावशी! आज ताटाखाली सात-सात पोरी. म्हातारपणी नशीब उघडलं बघ."

"हात काढा आधी! कुणाला दाखवलात? फोटो काढला?"

"मला मेला फोन लावता येत नाही, फोटो कुठला काढतोय?"

मी ताव ओढला. सूप सांडलं, ते ओरडले, मी ऐकलंच नाही.

छापखान्यात हेरिन पांढरीफटक उभी होती. तावावर किमचीच्या लोणच्याचा लाल डाग. "हा बाहेर कसा गेला?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "मी दिला. जेवणावर धूळ बसत होती."

"अहो मास्तर..."

"मावशी, खानावळीत गिऱ्हाईक खोळंबलं असेल. जा तुम्ही." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

कळलं मला. माझं नाव निघालं असतं तर गल्लीतला एकही छापखाना मला उंबरा चढू देता ना. आणि मी गेले. खरंच गेले हो. भ्याले मी.

हेरिन म्हणाली होती, सोमवारपर्यंत फोटो कुठं दिसला नाही तर मास्तरांसाठी मी वरच्या साहेबांशी बोलून बघते. ते तीन दिवस मी कसे काढले माझं मला ठाऊक. ताटं घेऊन चालताना मान वर करता येत नाही, पण प्रत्येक खिडकी टाळूला टोचत होती. कुणाच्या हातात फोन दिसला की वाट बदलायचे. खानावळीतल्या पोरीला दर तासाला विचारायचे, "आला का गं कुठं?" ती म्हणायची, "मावशी, तुला ह्या वयात गाण्याचं वेड लागलं काय?"

सोमवारी फोटो आला. ठरलेल्या वेळी, आधी कुठंच नाही. माझ्या जिवात जीव आला. मास्तरांना जास्तीचं अंडं घेऊन मी जवळजवळ नाचतच गेले.

मशीनवर दुसराच माणूस होता. हेरिन खाली मान घालून म्हणाली, "मी खूप सांगून पाहिलं, मावशी. फोटो फुटला नाही हे खरं, पण ताव दाराबाहेर गेला ना, साहेब म्हणाले."

मशीन धडधडत होती. ती बंद करायला मास्तर आता येणार नव्हते. कोपऱ्यात माझं शनिवारचं ताट होतं. वाट्या धुतलेल्या, वर एक ताव झाकलेला. उलटून पाहिला. दोन्ही बाजूंनी कोरा होता.