सहाव्या जागेसाठी

माझ्या साक्षीत काही दम नाही, हे मला बरीच वर्षं माहीत होतं. साक्ष म्हणजे चारचौघांत उभं राहून आपण प्रभूकडे कसे आलो ते सांगणं. मी कुठून आलेच नाही. आले ते माझे पणजोबा, नगरकडच्या एका खेड्यातून, आणि त्यापायी त्यांना घरदार सोडावं लागलं. पुढे आजोबा शिक्षक झाले, वडील पोस्टात लागले, मी बँकेत, आणि बँकेने मला सिंगापूरला पाठवलं. पणजोबांनी सोसलं आणि मला सगळं आयतं मिळालं. चर्चमध्ये साक्षीची माझी पाळी आली की मी दोन मिनिटांत आटपते. लोक प्रेमाने माना हलवतात आणि मागे कोणीतरी बिस्किटांचा डबा उघडतं.

चर्चमध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने पहिल्यांदा साक्ष दिली तेव्हा अर्धा हॉल रडत होता. ती पुण्याची, तिशीच्या आतली, इथल्या विद्यापीठात संशोधन करायला आलेली. प्रयोगशाळेतल्या एका चिनी मैत्रिणीबरोबर एका रविवारी सहज आली आणि पुन्हा पुन्हा येत राहिली. वर्षभरात बाप्तिस्मा घेतला. परक्या गावातला एकटेपणा, रात्रीची प्रार्थना, अचानक मिळालेली शांती, हे ती असं काही सांगायची की मलाही हुंदका यायचा. मग घरी येताना एमआरटीच्या गाडीत बसल्यावर त्याच हुंदक्याचा राग यायचा.

खोटं कशाला बोलू, जळायला लागायच्या आधी मला ती फार आवडली होती. पहिल्याच रविवारी मी माझ्या मुलीला मराठीत दटावत होते, तेव्हा पुढच्या रांगेतून ती गर्रकन वळली आणि म्हणाली, "अय्या, तुम्ही मराठी?" त्यानंतर महिन्यातून दोनदा तरी ती आमच्या सेरंगूनच्या फ्लॅटवर जेवायला असायची. आम्ही मटणवाले, ती शाकाहारी, म्हणून तिच्यासाठी मी वेगळी भरली वांगी करायचे. अशीच एकदा ओट्याला टेकून वांग्यांची देठं कापताना ती म्हणाली, "ताई, बाप्तिस्म्याचं मी आईबाबांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही कुणाला बोलू नका हं." मी म्हटलं, "वेडी आहेस का, मी कशाला बोलतेय?"

आता आमच्या चर्चची श्रद्धा सांगायला हवी, नाहीतर मला तिचा हेवा कशापायी वाटत होता ते कळणार नाही. पृथ्वीवरच्या प्रत्येक जमातीला सुवार्ता तिच्या स्वतःच्या भाषेत ऐकायला मिळेल, आणि मग शेवट येईल, प्रभू परत येईल, असं आम्ही मानतो. बरेच ख्रिस्ती मानतात, पण रविवारच्या जेवणानंतर विसरतात. आमचे पास्टर विसरू देत नाहीत. ते इथलेच, चिनी, पन्नाशीचे, आणि प्रभूच्या येण्याबद्दल बोलताना घड्याळाकडे बघतात. कुठल्या समाजांपर्यंत सुवार्ता पोचली, कुठल्यांपर्यंत नाही, याची मोठी यादी चर्चने ठेवली आहे. तांबडा रंग म्हणजे कोणीच पोचलेलं नाही, पिवळा म्हणजे थोडं काम झालंय, हिरवा म्हणजे झालं. ती यादी सहा वर्षं मी सांभाळते आहे. कुठून बातमी आली की रकान्याचा रंग बदलायचा. जगाच्या अंताची तयारी मी सेरंगूनमध्ये एसी लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन करते.

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना एकदा खांद्यावरून डोकावून इथल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली होती, "मम्मी, ऑल ग्रीन मीन्स वर्ल्ड फिनिश, राइट? देन व्हाय यू रश लाह?" नवरा स्वयंपाकघरात खो खो हसला. मी दोघांवर डाफरले. मला जग संपवायची घाई नव्हती. मला एकदा, फक्त एकदा, एखादा रकाना हिरवा होताना तिथे असायचं होतं. पणजोबांसारखं नाही तरी त्यांच्या पासंगाला पुरेल असं काहीतरी माझ्या नावावर हवं होतं. अकरा वर्षं एका ऑफिसात काढून मी शेजारच्या टेबलावरच्या बाईला सुद्धा कधी येशूबद्दल अवाक्षर बोलले नव्हते, ही गोष्ट मला पक्की माहीत होती. ओळखीच्या माणसांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. अनोळखी डोंगरावर ती सुटेल अशी मला आशा होती.

थायलंडच्या उत्तरेला डोंगरात एक लहानशी जमात आहे, तिची जबाबदारी आमच्या चर्चने घेतली होती. त्यांच्या भाषेत येशूच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून, उन्हावर चालणाऱ्या छोट्या यंत्रांत भरून घरोघर द्यायच्या होत्या. जूनच्या सुट्टीत सहा जण जाणार होते. आधीच्या दोन खेपांना मी नाव दिलं होतं. एकदा मुलीची परीक्षा आडवी आली, एकदा जिन्यावरून पडून माझा घोटा सुजला. या वेळी पाच जणं ठरली आणि एक जागा उरली. ती माझीच, असं मी धरून चालले होते. चांगले बूट सुद्धा घेऊन ठेवले.

उपासना संपल्यावर पास्टर कॉफीचे दोन कप घेऊन माझ्याजवळ आले. "सिस्टर," ते म्हणाले, "तुम्ही गेलात तर यादी कोण बघणार? तुमच्यासारखं विश्वासू माणूस इथेच हवं." मग त्यांनी तिचं नाव घेतलं. तिची साक्ष ताजी आहे, लोकांच्या काळजाला भिडते, म्हणाले. माझ्या हातातली कॉफी तशीच राहिली. इतक्या वर्षांची चाकरी एका बाजूला आणि चौदा महिन्यांची ही पोर एका बाजूला! तेवढ्यात ते म्हणाले, "पाठवण्याआधी दोघांनी तिच्याबद्दल लिहून द्यायचं असतं. एक मी लिहीन. दुसरं तुम्ही लिहा, तुम्ही तिला घरच्यासारखं ओळखता."

आमच्याकडे ही पद्धतच आहे. माणसाचा विश्वास कसा आहे, स्वभाव कसा, घरच्यांशी संबंध कसे, असे सात-आठ प्रश्न असतात. सगळ्या रकान्यांत मी तिचं कौतुक लिहिलं. नम्र आहे, प्रार्थनाशील आहे, पडेल ते काम करते. सगळं खरं होतं. कुटुंबाच्या रकान्यापाशी थांबले. बँकेत माझं कामच मुळी लोकांनी काय दडवलंय ते हुडकायचं, त्यामुळे असली वाक्यं मला झोपेतही लिहिता येतात. 'बाप्तिस्मा घेतल्याचे आईवडिलांना कळवलेले नाही.' एवढंच लिहिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि मी फॉर्म पाठवून दिला.

पुढे काय होईल ते मला ठाऊक होतं. हे फॉर्म वाचणाऱ्या समितीतली माणसं मनाने चांगली, आणि त्यांना ही बाब अगदी साधी वाटणार होती. त्यांच्या घरांत आजी पूर्वजांपुढे उदबत्त्या लावते, नातू चर्चला येतो, आणि चिनी नववर्षाला सगळे एका टेबलाभोवती बसून जेवतात. आधी आईवडिलांना सांग, मान राख, मग जा, असं ते तिला प्रेमाने म्हणणार. एका फोनचं तर काम! पुण्यातल्या तिच्या हिंदू घरात त्या एका फोनने काय होतं, हे त्या सगळ्यांत फक्त मला कळत होतं. म्हणून तर मी ते लिहिलं. ती कच खाईल, फोन करणार नाही, जागा मोकळी होईल, असा माझा सरळ हिशेब होता.

झालं तसंच. समितीने तिला घरी कळवायला तीन आठवडे दिले. शुक्रवारच्या प्रार्थनेत मी तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, प्रभू, हिला धैर्य दे. आणि मनात म्हणाले, इतक्यात नको.

दोन आठवडे ती गप्प होती. मग तिचा फोन आला. "ताई, रविवारी घरी सांगणार आहे. तुम्ही येऊन बसाल माझ्याजवळ?" नाही म्हणायला तोंड कुठे होतं! मी गेले. बिशानला एका कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये ती एक खोली घेऊन राहायची. पलंग, टेबल, खिडकीत वाळत घातलेले कपडे. दुपारचे साडेबारा वाजले होते, म्हणजे पुण्यात दहा. घरच्यांचा चहा-नाश्ता आटपलेला असेल अशी वेळ तिने निवडली होती. मी पलंगाच्या टोकाला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसले.

तिने आढेवेढे घेतले नाहीत. आई हात पुसत येऊन बसल्यावर म्हणाली, "आई, बाबा, मी ख्रिस्ती झालेय. गेल्या वर्षी. तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं." मग आईने विचारलं, "बरं नव्हतं का तुला? आम्हाला कळवायचंस ना गं." जणू मुलीने आजारपण लपवलं होतं. वडील मात्र एकदम उसळले. "येशू मला शिकवू नकोस! मिशनच्या शाळेत होतो मी. सगळ्या गोष्टी तोंडपाठ होत्या, बक्षीस आहे माझं त्यात. म्हणून काय मी घर सोडलं?"

माझ्या यादीत त्या घराच्या समाजाचा रकाना तांबडा होता. सहा वर्षांपूर्वी मीच तो रंग भरला होता, आणि त्या गृहस्थांना तर माझ्यापेक्षा जास्त पाठ असावं.

ती रडायला लागली आणि तिच्या हातातला फोन हलला. मी पडद्यावर दिसले असणार. "शेजारी कोण आहे?" वडिलांनी विचारलं. "चर्चमधल्या ताई आहेत, मराठीच आहेत," ती म्हणाली. ते पुढे वाकून माझ्याकडे बघत म्हणाले, "असं! म्हणजे ह्या बाईंनी हे डोक्यात भरवलं तुझ्या. आमची शिकलीसवरलेली मुलगी बाटवलीत तुम्ही!"

त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. मी नाही म्हणायला हवं होतं, आणि मला नाही म्हणावंसं वाटेना. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर हा आळ घेत होतं, आणि तो मला हवाहवासा वाटला. पणजोबांच्या पाळकांना लोकांनी हेच म्हटलं असेल. मी मान खाली घालून गप्प बसले. त्यांना वाटलं असेल, कबूल केलं.

पण तिने डोळे पुसले आणि ठामपणे म्हणाली, "नाही बाबा. ताईंनी काहीच केलेलं नाही."

"डिसेंबरात दादाचं लग्न आहे," वडील म्हणाले. "ते होईपर्यंत इकडे फिरकू नकोस. मुलीकडच्यांना मी काय सांगू?" आई काहीतरी बोलायला पुढे आली, तेवढ्यात फोन बंद झाला. तिने परत लावून बघितला. उचलला नाही.

ती टेबलावर डोकं ठेवून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि खरं सांगते, तेव्हाही माझ्या पोटात हेवाच होता. आता हिने घर सुद्धा गमावलं. आता ही साक्ष द्यायला उभी राहील तेव्हा हॉलमध्ये एकाचेही डोळे कोरडे राहणार नाहीत. तीन पिढ्यांपूर्वी माझ्या घराण्यात जे एकदा घडलं ते हिच्या वाट्याला आलं, आणि ते मीच माझ्या हाताने हिला मिळवून दिलं. माझ्यापाशी गमावण्यासारखं असं कधी काही नव्हतंच.

"ताई," ती मान वर न करता म्हणाली, "फॉर्मवर ते तुम्ही लिहिलंत ना?"

मी हात काढून घेतला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पण इथे मी तुमच्याशिवाय कुणाला बोललेच नव्हते."

"मग मला कशाला बोलावलंस?"

तिने मान वर केली. "सांगून झाल्यावर मला रडायला येणार हे माहीत होतं," ती म्हणाली. "आणि चर्चमधले सगळे लगेच इंग्लिशमध्ये प्रार्थना करतात हो. मला मराठीत रडायचं होतं. तुम्ही लिहिलं म्हणून मला राग आला, अजून आहे. पण दुसरं कोण आहे माझं इथे?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. शब्द जुळवत होते, तेवढ्यात ती उठली, खिडकीतला टॉवेल ओढून तोंड पुसायला लागली आणि त्यातूनच म्हणाली, "जूनमध्ये मी थायलंडला नाही जात. त्या रजेत पुण्याला जाते. येऊ नकोस म्हणालेत, पण दारातून परत पाठवलं तर पाठवू देत. पास्टरना मी सांगते. ती जागा तुम्ही घ्या, ताई. तुम्हाला जायचंच होतं ना?"

शहाण्या बाईने काय म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. तू जा म्हणायचं. निदान बघू म्हणायचं. मी येते तुझ्याबरोबर पुण्याला, असंही म्हणता आलं असतं, त्या दारात माझी खरंच गरज होती.

मी "हो" म्हणाले. टॉवेल अजून तिच्या तोंडावर होता, आणि मी माफी मागायची विसरून गेले होते.