अख्ख्या गावाचं बीपी एकशेवीस-ऐंशी

आमच्या विश्वजितला लहानपणापासून एकच दुखणं आहे. त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. हा माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. शाळेत कबड्डीच्या दोन्ही संघांना 'येतो' म्हणून बसायचा आणि सामन्यादिवशी ताप आलाय सांगून माझ्या घरी पांघरूण घेऊन झोपायचा. लग्नात वाढायला उभा केला, तर पहिल्या पंगतीला मागेल त्याला बुंदी आणि शेवटच्या पंगतीला नुसता भात. असा मुलगा नर्स होणार म्हटल्यावर मला बरं वाटलं. आजाऱ्याला निदान गोड बोलणारा मिळेल. पण मिरजेच्या नर्सिंग कॉलेजात त्याची गाठ पडली जैवसांख्यिकीशी, आणि त्या विषयाला गोड बोलण्याचं कवडीचं कौतुक नाही.

सुट्टीला आला की माझ्या स्वयंपाकघरात बसून तो मोठ्यानं पाठ करायचा, म्हणून मलाही थोडं कळलं. माणसांची मापं घ्यायची, सरासरी काढायची, आणि एकेक जण त्या सरासरीपासून किती लांब पडलाय ते बघून सगळ्यांची पांगापांग एका आकड्यात सांगायची. त्याला म्हणे प्रमाणित विचलन म्हणतात.

गेल्या वर्षी त्याला गावातल्या वयस्कर माणसांचं बीपी मोजून आणायला सांगितलं होतं. नमुना म्हणून दर पाचवं घर घ्यायचं, मधली चार सोडायची. आमच्या गावात, इकडे जतच्या बाजूला, चार घरं ओलांडून पाचव्यात शिरायचं म्हणजे चौघांशी कायमचं वैर. पहिल्याच गल्लीत तानुबाईंनी उंबऱ्यावर उभं राहून विचारलं, आमचं घर वाळीत टाकलंय का रं. झालं. हा सगळ्या घरांत शिरला, सगळीकडे चहा प्याला. कुणाचं बीपी जास्त निघालं की तो माणूस रुसायचा, एवढं कसं असंल, नीट बघ की. मग हा नीट बघायचा आणि एकशेवीस-ऐंशी लिहायचा. शेजाऱ्याला एक आणि आपल्याला दुसरं का, म्हणून शेवटी सगळ्यांनाच तेच. गाव खूश. वही मिरजेला गेली आणि समीना बागवान मॅडमनी त्याला वर्गात उभं केलं. म्हणाल्या, "विश्वजित, तुझ्या गावाचं प्रमाणित विचलन शून्य आलंय. माणसं मोजलीस का कपड्याच्या दुकानातले पुतळे?"

विषय राहिला. यंदा गावाचं बीपी पुन्हा मोजून आणायचं होतं. आताही राहिला असता तर कोर्स संपला नसता, आणि सांगलीच्या दवाखान्यात ठरलेली नोकरी काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती. तोंड पाडून माझ्यापुढं बसला. मी वैतागून म्हटलं, देवळात चिठ्ठ्या टाक, म्हणजे शिव्या तुला न बसता बिरोबाला बसतील. बोलून गेले आणि लगेच गालावर मारून घेतलं. पण त्यानं मॅडमना फोन लावला, तर त्या खूश. चिठ्ठ्या काढायची रीत पुस्तकातच आहे म्हणे.

रविवारी वयस्करांची सगळी नावं पितळेच्या घागरीत पडली. वर भंडारा टाकला. धुळा पुजाऱ्यानं डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या. ज्यांचं नाव निघालं नाही ते गप्प बसले, देवाशी कोण भांडणार. ज्यांचं निघालं ते दुसऱ्या दिवसापासून आंघोळ करून, फेटा बांधून मोजून घ्यायला आले.

पहिलीच चिठ्ठी निघाली होती हंबीरराव आबांची. आबा गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन. पुढच्या महिन्यात निवडणूक, त्यामुळं ही देवाची पसंती त्यांनी दोन दिवस गावभर मिरवली. मग चार माणसं घेऊन आमच्या सोप्यात येऊन बसले. विश्वजितनं दंडाला पट्टा बांधला. एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे चार. आबांना निवांत बसवून पुन्हा मोजलं. तेच.

आबांनी माणसं बाहेर घालवली. मी चहा घेऊन दारात होते, पण चहा आणणाऱ्या बाईला आबा माणसांत धरत नाहीत.

"विश्वा, एकशेवीस-ऐंशी लिव. गेल्या साली लिवलं हुतंस की."

विश्वजितनं नेहमीसारखी मान डोलवायला सुरुवात केली. मला वाटलं, गेलं हेही वर्ष. पण मान मध्येच थांबली.

"न्हाई, आबा."

"कोण बगतंय हितं?"

"चिठ्ठी देवाफुडं निगालीय. खोडायची तर आदी देवाला सांगून या. मी आकडा न्हाई बदलणार. आन तुमी मिरजेला दाखवा, गोळी लागंल."

आबा चहा न घेताच उठले. आठवडाभर सोसायटीत आमच्या घरच्यांशी कुणी बोललं नाही. मग आबा गुपचूप मिरजेला जाऊन आले आणि पारावर सांगू लागले, मला आधीच शंका होती, जबाबदारीच्या माणसाला बीपी असतंच.

इथं गावाची मती फिरली. आबांचं एकशे अठ्ठ्याहत्तर, म्हणजे एकशे तीसवाले भिकारीच की. तानुबाई फाटकात येऊन उभ्या राहिल्या.

"आरं, माजं लय कमी लिवलंय. मी काय कमी सोसलंय व्हय?"

विश्वजित त्यांनाही नाही म्हणाला. आमच्या ह्यांचीही चिठ्ठी निघाली होती. संध्याकाळी ह्यांनी त्याला जवळ घेऊन सांगितलं, घरचा माणूस आहे, निदान दीडशे तरी कर. त्यानं आशेनं माझ्याकडं पाहिलं. मी भाकरी थापत राहिले.

"न्हाई, काका."

प्रकल्प पास झाला, विषयही सुटला. यावेळी आमचं गाव चांगलं पांगलेलं निघालं. पेढे घेऊन आला तेव्हा ह्यांनी पेढा हातात घेतलाच नाही, आधी दंड पुढं केला. म्हणाले, मोज परत, आता वाढलं असंल.

मोजलं. एकशेवीस-ऐंशी. मी स्वतः यंत्रावर वाकून पाहिलं. ह्यांचा अजून त्यावर विश्वास नाही.