माळाच्या कडेची बाग

आम्हाला जमीन नव्हती. आई माळावरचं गवत कापून पाटोद्याच्या बाजारात भारे विकायची. उन्हाळ्यात कुणी माळ पेटवून दिला की धंदा बसला. मग ती लोकांच्या घरी धुणीभांडी करायची आणि मी शाळा बुडवून धाकट्याला सांभाळायची. त्या घरातली मी पहिली पदवीधर. बागा आखायचं शिकले, बीडमध्ये कामं धरली. हे ताठ मानेनं सांगते.

शहराबाहेर माळाला लागून फ्लॅटच्या इमारती झाल्या. त्यांची बाग माझ्याकडे आली. मी माळावरचंच लावलं: बोर, हिवर, तरवड, पवन्या गवत. बागेला टँकर लागू नये म्हणून गच्च्यांवरचं पावसाचं पाणी उतारावरच्या, प्लास्टिक अंथरलेल्या मोठ्या खड्ड्यात साठवलं. कुंपणाबाहेर बैलगाडी जाईल एवढा पट्टा कापून मोकळा केला. नवं गवत जोमानं फुटतं म्हणून लोक अजूनही वाळला माळ पेटवतात, ते मला ठाऊक होतं.

फाल्गुनात माळाबरोबर बागही पिवळी पडली आणि बिल्डर तडकले.

"मॅडम, गिऱ्हाईक इचारतंय, फ्लॅट घेतला का माळ? अन् बाहीर ह्यो भांग कावून पाडलाय?"

"पावसाळ्यात हिरवं होईल, भाऊ."

"तवर काय दाखवू, तुमची डिग्री? सोमवारी खड्डा बुजवायचा. वर लॉन."

"त्याला पाणी?"

"टँकर हायेत की!"

खड्डा गेला की बाग गेलीच. आणि बीडमध्ये मला दुसरं काम कोण देणार होतं?

रविवारी दुपारी शेवटचं बोलून बघावं म्हणून मी गेले. बिल्डर तिथंच होते. आम्ही बोलत असतानाच माळावर धूर उठला. वारा आमच्याच दिशेनं होता. बघता बघता जाळ कापलेल्या पट्ट्याशी आला आणि तिथं अडला. पण ठिणग्या कुंपण ओलांडून आत पडल्या. माझं पवन्या पेटलं. इमारतीची टाकी कोरडी, अग्निशमनची गाडी अजून वाटेत. लोक जिन्यातून धावत खाली आले.

"पोती आणा! खड्ड्यातल्या पाण्यात बुडवा!" मी ओरडले.

बिल्डर पांढऱ्या कपड्यांतच खड्ड्यात उतरले. पोतं भिजवून झोडपता झोडपता आपल्या मजुरांवर खेकसले, "बघता काय बे? मारा!"

एक कोपरा काळा करून जाळ विझला. पहिल्या मजल्यावरच्या मावशी खोकत खोकत पुढं आल्या. "भाऊ, उद्या खड्डा बुजवायला येताय न्हवं? मग आदी आमाला त्यात घाला!"

बिल्डरांनी काळवंडलेल्या हातानं फोन लावला. "जेसीबी नको. लॉन बी नको." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जळाल्या कोपऱ्यात काय लावायचं, मॅडम?"

"काही नाही. पवन्या मुळातून फुटतं."

पावसाळ्यात ते फुटलं. लॉन आलं नाही, खड्डा जागेवर आहे आणि त्या बागेला आजवर टँकर लागलेला नाही. त्याच बिल्डरांच्या पुढच्या इमारतीची बागही मीच आखली.