नाडीखालची खपली
कॅज्युअल्टीत नर्स म्हणून माझी बरीच वर्षं ताप दिसला की इंजेक्शन टोचण्यात गेली. पेशंटच्या घरच्यांनाही तेच हवं असायचं. "भारीतलं द्या," म्हणाले की माझं डोकं फिरायचं. औषध म्हणजे काय हापूस आहे, भारीतला निवडायला?

सड्यावर, कातळाच्या माळरानावर, गवत कापायचे दिवस होते. संगमेश्वराकडच्या एका पन्नाशीच्या बाईला तिची मुलगी घेऊन आली. सहा दिवसांचा ताप, धाप, रक्तदाब खाली. गावातल्या दवाखान्यात दोन अँटिबायोटिक्स देऊन झाली होती. आमच्या तरुण डॉक्टरांनी त्याहून जबर तिसरं सुरू केलं आणि कोल्हापूरला पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली. मुलगी माझा हात सोडेना. "आय वाटंत टिकंल ना वो?" मला खरंच वाटत होतं, टिकणार नाही.

तेवढ्यात आठवलं, आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं होतं, की गवतातला एक बारीक किडा चावला की तिथे काळी खपली धरते आणि ताप चढतो. त्या तापाला जुनी, साधी कॅप्सूल लागते; जबर इंजेक्शनं वाया जातात. खपली दुखत नाही, खाजत नाही, म्हणून शोधावी लागते.

"सर, अंग बघितलंत?"

"बघितलं. छाती, पोट, हातपाय. काही नाही."

मी पडदा ओढला आणि तिच्या परकराची नाडी सोडली. कमरेभोवती काळा वळ होता. तसा तो माझ्याही कमरेला आहे. जन्मभर परकर आवळून बांधणाऱ्या कुठल्या बाईला नसतो? म्हणून तर त्याकडे कुणी बघत नाही.

"नाडीचा वळ हाय गो बाय तो," तशा तापातही ती पुटपुटली.

पण पाठीकडे त्या वळातच डाळीएवढी काळी खपली होती, भोवती लाल कडा. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा कमरेला होता.

मी ओरडलेच. डॉक्टरांनी वाकून बघितलं आणि त्यांचे कान लाल झाले. पण भल्या माणसाने वाद घातला नाही. लगेच कॅप्सूल दिली, रक्त तपासणीला पाठवलं. सलाईनवर रक्तदाब सावरला, तशी कोल्हापूरची चिठ्ठी बाजूला ठेवली. तपासणीतही तोच ताप निघाला आणि जबर इंजेक्शन बंद झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी तिने पेज मागितली, वर मीठ कमी म्हणून कुरकुरली. मुलगी रडायलाच लागली. मी उगाचच दोनदा थर्मामीटर लावून बघितला, निव्वळ आनंदाने. जिंकले होते मी, आणि आठवडाभर सगळ्यांना तसं वागून दाखवलं.

मग तापाची आणखी एक बाई आली. नवरा घाईला आलेला, "भारीतलं इंजेक्शन द्या आधी." माझा हात सवयीने सिरिंजकडे गेला.

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "आधी पडदा."